तीन अर्थांतला एक

डाव्या हाताची मधली तीन बोटं वर करायची, अंगठ्याने करंगळी दाबून धरायची, एकदा खाकरायचं आणि म्हणायचं, "साहेब, ह्याचे तीन अर्थ होतात."

आमच्या कोर्टातल्या बेलिफाची ही सवय. कोर्ट कोणतं ते सांगत नाही. धुळे-जळगावच्या पट्ट्यात तालुक्याची कोर्टं पुष्कळ आहेत आणि सगळ्यांच्या व्हरांड्यात तीच लाकडी बाकं आहेत. तुम्ही कधी तारखेला गेला असाल तर त्यांवर बसलाही असाल. बेलिफाचं नावही लिहीत नाही. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणायचो. नाव कागदावर चढलं की माणसाचं काय होतं हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं, तेव्हा त्यांचं तरी मी चढवू नये.

बेलीफ म्हणजे कोर्टाची समन्सं आणि नोटिसा घरोघर पोचवणारा माणूस. नाना हे काम तीस वर्षं करत होते, आधी सायकलवर आणि मग एका मोपेडवर. ती मोपेड चढावर त्यांनाच ढकलावी लागायची. सातपुड्याच्या पायथ्याचा एकही पाडा त्यांनी सोडला नव्हता. कुठल्या गावात कोणता शब्द कसा वळतो, कुठे अहिराणी संपून पावरी बोली सुरू होते, कुठल्या वाडीत गुजरातीची फोडणी जास्त, हे त्यांना रस्त्यांसारखं पाठ होतं. समन्स घेऊन गेले की आधी ओट्यावर बसून त्या घरच्या बोलीत पाणी मागायचे. पाणी प्यायल्यावर कागद काढायचे आणि दोन्ही हातांनी द्यायचे. समोरच्याचा चेहरा उतरला की म्हणायचे, "बोलावलंय. पकडलेलं नाही." मग समन्स ह्या शब्दाचेही तीन अर्थ सांगायचे. ऐकता ऐकता त्या माणसाची भीती जायची, आणि बऱ्याचदा तारीखही डोक्यातून जायची.

मी त्याच कोर्टात लिपिक-टंकलेखक. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढलो, घरात पुस्तकी मराठी आणि दाराबाहेर हिंदी. आई मात्र धरणगावकडची. ती रागावली की अहिराणीतच रागवायची, आणि मी कार्टा असल्यामुळे माझं अहिराणीचं शिक्षण बऱ्यापैकी झालेलं आहे. हे मुद्दाम सांगून ठेवतो. 'मला कळलं नव्हतं' म्हणायची सोय मला नाही.

कोर्टाची भाषा मराठी. अहिराणीही सरकारदरबारी मराठीतच जमा, म्हणून तिच्यासाठी दुभाषी मिळत नाही. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून 'माले', 'तुले', 'शे' करू लागला की बदलून आलेले न्यायाधीश माझ्याकडे बघायचे, मी दाराकडे बघायचो, आणि दारात नाना उभे असायचे. त्यांना आत बोलावलं जायचं. ते अर्थ सांगायचे, न्यायाधीश मराठीत मजकूर सांगायचे, मी टंकायचो. नानांचं नाव कुठेही यायचं नाही. तीस वर्षांत त्यांच्या तोंडून गेलेली हजारो वाक्यं आमच्या दप्तरात आहेत आणि ती सगळी दुसऱ्यांच्या नावावर आहेत.

एकदा बांधाच्या भांडणात एकजण दुसऱ्याला 'तुले देखी लिसू' म्हणाला होता. ही धमकी आहे की नाही ह्यावर दोन्ही वकिलांनी अर्धा तास घेतला. शेवटी नानांना आत घेतलं. बोटं वर झाली. एक अर्थ, तुला बघून घेईन, म्हणजे धमकी. दुसरा, आजाऱ्याच्या उशाशी बसून म्हणतात तो, मी आहे, तुझं सगळं मी बघेन. तिसरा, सवड झाली की येऊन भेटून जाईन. न्यायाधीश म्हणाले, "अहो, भांडताना तिसऱ्या अर्थाने कोण बोलेल?" नाना शांतपणे म्हणाले, "माझा मेहुणा, साहेब." त्या दिवशी कोर्ट हसलं. पिंजऱ्यातला आरोपीही हसला, आणि मला वाटतं त्या हसण्यावरच दोघांची तडजोड झाली.

वकिलांच्या खोलीत त्यांची चेष्टा चालायची. नाना, चहा घेणार का, असं कोणी विचारलं की दुसरा तीन बोटं वर करायचा. नाना रागावत नसत. म्हणायचे, "हसा. पण एकच अर्थ असलेला शब्द मला दाखवा." आमच्या एका तरुण वकिलाने 'मरण' असं उत्तर दिलं होतं. नानांनी थोडा विचार केला आणि त्याचेही तीन सांगितले. ते मला आता आठवत नाहीत, आणि आठवावेसे वाटत नाहीत.

आता ज्या दाव्यासाठी हे लिहायला घेतलं त्याकडे येतो. इतका वेळ टाळत होतो हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

पायथ्याच्या एका गावात अंगणवाडीची मदतनीस होती. विधवा, चाळिशीची, एक मुलगी लग्नाला आलेली. मुलांना घरून बोलावून आणायचं, खिचडी शिजवायची, पातेली घासायची, हे तिचं काम. एका साली त्या गावात आठ दिवसांत दोन मुलं तापाने गेली. दोन्ही अंगणवाडीतली. तेराव्यानंतरच्या ग्रामसभेत एका मुलाचा बाप उभा राहिला आणि तिच्याकडे हात करून म्हणाला, "हाई बाई पोरेसले खाई गई." ही बाई पोरांना खाऊन गेली. एवढं बोलून तो खाली बसला.

तो दुष्ट माणूस असता तर मला हे लिहायला सोपं गेलं असतं. त्याचा चार वर्षांचा मुलगा गेला होता. कोर्टात तो नेहमी जमिनीकडे बघत बसायचा आणि नाव पुकारलं तरी दोनदा पुकारावं लागायचं.

दुसऱ्या दिवसापासून तिच्या हातची खिचडी कोणी खाईना. ती नळावर आली की बायका हंडे उचलून मागे सरायच्या. आया मुलांना पदराखाली घ्यायच्या. ती पोलिसात गेली. तिथे तिला एकच विचारलं गेलं, तो 'डाकीण' हा शब्द बोलला का? नव्हता बोलला. नुसतं खाऊन गेली म्हणाला होता. मग ह्यात काय लिहायचं, असं म्हणून तिला परत पाठवलं. शेवटी कोणीतरी तिला मोफत कायदेसाहाय्याचा वकील मिळवून दिला आणि अब्रूनुकसानीचा दिवाणी दावा आमच्या कोर्टात दाखल झाला. तिची मागणी एवढीच होती की त्याने त्याच ग्रामसभेत उभं राहून शब्द मागे घ्यावेत.

वकील नाशिककडचा, मनाने चांगला पोरगा. पण अहिराणी त्याला येत नव्हती. तिने सांगितलेलं वाक्य त्याने दाव्यात 'हाई बाई पोरेस खाई गई' असं लिहिलं. मधला 'ले' त्याच्याकडून गळला. आमच्याकडे 'पोरेसले' म्हणजे पोरांना आणि 'पोरेसनं' म्हणजे पोरांचं. एका अक्षराचा फरक. एका बाजूला डाकीण आणि दुसऱ्या बाजूला खिचडी. दाव्यात तो फरक जिथे असायला हवा तिथे नुसती मोकळी जागा राहिली.

मुद्दे काढायचा दिवस आला. तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगतो, पुरावा सुरू होण्याआधी नेमकं काय सिद्ध करायचं ते न्यायाधीश ठरवून देतात, आणि पुढची सगळी लढाई तेवढ्याच चौकटीत होते. न्यायाधीश तेव्हा कोल्हापूरकडच्या एक बाई होत्या. नेटक्या आणि कष्टाळू. त्यांच्याविषयी वाईट लिहायला माझ्याकडे काही नाही. प्रतिवादीच्या वकिलाने आधीच लिहून दिलं होतं की ह्या वाक्याचा अर्थ मुलांचं अन्न खाल्लं एवढाच होतो. बाई म्हणाल्या, "बदनामी कोणत्या अर्थाने झाली ते आज ठरू दे. जो अर्थ मुद्द्यात येईल त्यावरच पुरावा घेईन. बाकीचे मग ह्या दाव्यात नाहीत." आणि त्यांनी दाराकडे पाहिलं.

नाना पुढे आले. स्त्री असो वा पुरुष, न्यायाधीशांना ते साहेबच म्हणत. बाईंनी विचारलं, "नाना, 'खाई गई'चे अर्थ काय काय होतात?"

त्यांचा डावा हात वर निघाला. मी ते पाहिलं. अंगठा करंगळीवर गेला, आणि हात तसाच खाली आला.

वादीच्या बाकावर ती बाई बसली होती. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला. तिने मान वर केली नाही, फक्त मांडीवरचा हात थोडा उचलला आणि पंजा उघडा करून पुन्हा ठेवला. थांबा, नको, एवढंच त्यात होतं.

नाना म्हणाले, "साहेब, ह्याचा एकच अर्थ होतो. पोरेसनं खाई गई. मुलांचं खाल्लं. खिचडी."

मी की-बोर्डवर हात ठेवून बसलो होतो. माझ्या कानात आईचा आवाज होता, आणि 'ले' होता. दोन वाजायला पाच मिनिटं होती आणि भूक लागली होती, हेही खरं आहे. लिपिकाने मध्ये बोलायचं नसतं, हे तर खरंच आहे. नाशिकच्या वकिलाने अशिलाकडे पाहिलं, ती काही बोलली नाही, म्हणून तोही बोलला नाही. बाईंनी मुद्दा सांगितला आणि मी टंकला. मुलांच्या आहारातील अन्न वादीने खाल्ले असा खोटा आरोप प्रतिवादीने केला, हे वादी सिद्ध करते काय? वाक्य व्याकरणाने निर्दोष होतं.

मधल्या सुट्टीत मी नानांना व्हरांड्याच्या टोकाला गाठलं आणि दुसरे दोन अर्थ कुठे गेले ते विचारलं. त्यांनी मोपेडची किल्ली बोटातून काढून खिशात टाकली. मग त्यांनी सांगितलं की सकाळी ती बाई त्यांना ह्याच बाकाजवळ भेटली होती. तिचे शब्द त्यांनी तिच्याच आवाजात सांगितले. "तो शब्द काढू नका, नाना. मनी पोरनं लगीन जमेल शे."

मुलीचं लग्न दोंडाईच्याच्या एका घरात ठरलं होतं. त्या लोकांच्या कानावर अजून काही गेलं नव्हतं.

म्हणजे बघा. गेलेली अब्रू परत मागायची, तर ती कशी गेली ते आधी चारचौघांत मोठ्याने सांगावं लागतं, आणि कोर्ट ते टंकून घेतं. तिला निकाल हवा होता, पण तो शब्द नको होता. मी म्हटलं, मग दावा लावायचाच कशाला? नाना म्हणाले, "तिला वाटलं असेल, कोर्टाला न सांगता कळतं." मग म्हणाले, "कागदावर चढलेला शब्द उतरत नाही. मीच वाटत फिरलो ना कागद. डाकीण हा शब्द एकदा दप्तरात गेला, की तिची नात विचारील ह्याचा अर्थ काय म्हणून." खिचडीचा आरोप लहान आहे, खोटा आहे, तो सहज उडेल आणि ती जिंकेल, असा त्यांचा हिशेब होता. सगळं आयुष्य तीन अर्थ सांगण्यात गेलेल्या माणसाने एकदाच, दयेपोटी, एक सांगितला. मला तेव्हा ते पटलं होतं. मी डबा खायला गेलो.

आमच्याकडे तारखांना येणारे एक म्हातारे वकील मला म्हणाले होते की परदेशात काही ठिकाणी असे दावे ज्यूरीपुढे, म्हणजे पंचांपुढे, चालतात, आणि शब्दाचे कोणते अर्थ पंचांच्या विचाराला ठेवायचे ते आधी न्यायाधीश ठरवतो. त्यावर तिथे म्हणे जाडजूड पुस्तकं आहेत. आमच्या कोर्टात ते काम एका बेलिफाने केलं, उभ्या उभ्या, एका बाईच्या हाताकडे बघून.

उलटतपासणीत प्रतिवादीच्या वकिलाने तिला फार त्रास दिला नाही. त्याने एकच प्रश्न विचारला. मुलांसाठी शिजवलेल्या खिचडीतलं तुम्ही कधी खाल्लं आहे का?

तुम्ही असता तर काय सांगितलं असतं? कुठल्याही अंगणवाडीत पातेल्याच्या तळाशी उरलेलं कोण खातं? पण कोर्टात खोटं बोलायचं नाही असं तिला शपथेच्या वेळी सांगितलं होतं, आणि तिने ते मनावर घेतलं होतं. ती म्हणाली, "उरेल खिचडी मी खायेल शे. फेकी देवानी का?" उरलेली खाल्ली आहे, टाकून द्यायची होती का? नाशिकच्या वकिलाने डोळे मिटून घेतले. नाना दारात होते. ह्या वाक्याचा अर्थ त्यांना कोणी विचारला नाही, कारण तो सगळ्यांना कळला होता.

निकाल दोन पानी होता. प्रतिवादीने केलेला आरोप खरा असल्याचे वादीनेच कबूल केले आहे, सबब दावा फेटाळण्यात येतो. बाईंनी सांगितलं, मी टंकलं, शिक्का बसला.

बाहेर व्हरांड्यात तो बाप नानांजवळ आला. इतक्या महिन्यांत त्याला कोणाशी आपणहून बोलताना मी पहिल्यांदाच पाहिलं. तो जिंकला होता, पण त्याला काहीतरी समजत नव्हतं. तो म्हणाला, "नाना, मी खिचडीनं कव्हय म्हनेल व्हतं?" मी खिचडीचं कधी म्हटलं होतं?

नाना मोपेडकडे वळले. खरं तर साऱ्या दाव्यात हा एकच माणूस होता ज्याला आपण कोणत्या अर्थाने बोललो ते पक्कं ठाऊक होतं, आणि त्याला ते कोणी विचारलं नव्हतं.

आता पुढचं तुम्ही ओळखलं असेल. निकाल हल्ली मोबाइलवर येतो. गावातल्या कोणीतरी शेवटच्या पानाचा फोटो काढला आणि 'आरोप खरा असल्याचे' ह्या शब्दांखाली लाल रेघ मारून गावाच्या गटावर टाकला. कोणता आरोप ते मागच्या पानावर होतं. मागचं पान कोणी टाकलं नाही. टाकलं असतं तरी वाचलं नसतं, कारण गावाला आरोप पाठ होता. ग्रामसभेत शंभर माणसांनी तो आपल्या कानांनी ऐकला होता, 'ले'सकट. आजवर गावात डाकीण म्हणणारे होते आणि 'असं बोलू नये' म्हणणारेही चारदोन होते. त्या फोटोनंतर ते चारदोन गप्प बसले. कोर्टच म्हणतंय म्हटल्यावर ते तरी काय बोलणार? तो फोटो माझ्याही मोबाइलवर आला. ती अक्षरं मी टंकलेली होती.

दोंडाईच्यालाही तो पोचला. नाना रजा टाकून तिथे गेले. मला म्हणाले, तू चल, तू लिहिणारा आहेस, तुझं ऐकतील. आम्ही सकाळच्या बसने गेलो. मुलाच्या घरच्यांनी आमचं नीट केलं, चहा दिला, खुर्च्या दिल्या. नानांनी निकालाची दोन्ही पानं पिशवीतून काढून मांडीवर पसरली. मुद्दा वाचून दाखवला. हे फक्त खिचडीचं आहे, उरलेल्या खिचडीचं, असं बोट ठेवून सांगितलं. मुलाचा बाप सगळं ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्याने विचारलं की मग गावात तो माणूस खिचडीबद्दल बोलला होता का?

नानांचा हात वर गेला. तीन बोटं उभी राहिली. त्यांनी सुरुवात केली, "भाऊ, ह्याचे तीन अर्थ..." आणि पुढे काही निघेना. आता तीनही सांगायचे म्हणजे तो शब्द त्यांनीच ह्या ओट्यावर आणून ठेवायचा. एकच सांगायचा म्हणजे पुन्हा खोटं बोलायचं. बोटं तशीच हवेत राहिली. मी तिथे होतो, मीही काही बोललो नाही. ही माझी दुसरी वेळ.

मुलाचा बाप हळूच म्हणाला, "कोर्टनी सांगं ना, खरं शे म्हनीसन. आते आम्ही काय करूत?" कोर्टानेच खरं आहे म्हणून सांगितलं, आता आम्ही काय करणार? त्याच्या आवाजात राग नव्हता. तो खरंच विचारत होता.

परतीच्या बसमध्ये नाना खिडकीकडे तोंड करून बसले. शिंदखेड्याजवळ एकदा म्हणाले, "मी तिला दोनदा मारलं." मी म्हटलं, असं काही नाही, नाना. माझ्या त्या वाक्याला काही अर्थ नव्हता, एकही.

त्यानंतर त्यांनी अर्थ सांगणं सोडलं. साक्षीदार अडला, न्यायाधीशांनी दाराकडे पाहिलं, की नाना आत यायचे, हात पाठीमागे बांधून उभे राहायचे आणि म्हणायचे, "माले माहीत नही, साहेब." तीस वर्षं कोर्टात शुद्ध मराठी बोललेला माणूस हे एक वाक्य अहिराणीत बोलायचा. बाईंना वाटलं त्यांना ऐकायला कमी येतंय. तशी त्यांची तपासणीही करवली. कान उत्तम होते.

वकिलांच्या खोलीत सुरुवातीला चेष्टा झाली. चहाचं विचारून कोणी तीन बोटं वर केली, तर नाना त्या बोटांकडे असे बघायचे की त्या माणसाने हात खिशात घालावा. मग ती चेष्टा आपोआप थांबली.

निरोप समारंभाला शाल, नारळ, दोन भाषणं झाली. त्यांना बोलायचा आग्रह झाला तेव्हा ते उभे राहिले, सगळ्यांना हात जोडले आणि बसले. मुलगा वरणगावच्या कारखान्यात आहे, त्याच्याकडे राहायला गेले. मी दोनदा फोन केला. मुलगा म्हणाला, नाना बोलत नाहीत फारसे, चहा विचारला तरी नुसती मान हलवतात. गेल्या वैशाखात ते गेले. वकिलाने 'मरण' म्हटलं होतं तेव्हा त्यांनी कोणते तीन अर्थ सांगितले होते, ते मी त्या दिवशी खूप आठवून पाहिले.

ह्या पावसाळ्यात माझ्याकडे जुन्या दाव्यांची दप्तरं तपासायचं काम आलं. काय ठेवायचं आणि काय नष्ट करायचं ह्याची यादी करायची. त्यात तिच्या दाव्याचं दप्तर निघालं. निकाल, मुद्दा, तिची साक्ष. तिच्या नेमणुकीचं मूळ पत्रही त्यात होतं, घडीवर झिजलेलं. दावा संपला की पक्षकारांनी आपले मूळ कागद परत न्यावेत म्हणून कोर्ट नोटीस काढतं. तशी नोटीस तिला निघाली होती, आणि ती घेऊन नाना गेले होते. नोकरीच्या शेवटच्या महिन्यात.

नोटीस देता आली की नाही ह्याचा अहवाल बेलिफाने मागच्या बाजूला लिहायचा असतो. त्याचा साचा ठरलेला असतो. नानांचं अक्षर मी ओळखतो, ठळक आणि जरा डावीकडे झुकलेलं. त्यांनी लिहिलं होतं:

'सदर बाई मिळून आली नाही. घरास कुलूप. अंगणात गवत. मुलीसह कोठे गेली ते शेजाऱ्यांस विचारले असता कोणी तिचे नाव घेत नाही. सबब नोटीस दारास चिकटविली.'

इथे सही करून अहवाल संपायला हवा. पण सहीच्या खाली, जिथे काही लिहायचं नसतं तिथे, आणखी चार ओळी होत्या.

'खाई गई. ह्याचे तीन अर्थ होतात. एक, मुलांचे अन्न खाल्ले. दोन, हिच्या पायगुणाने मुले गेली. तीन, ही डाकीण आहे. प्रतिवादी पोरेसले म्हणाला, म्हणजे तिसऱ्या अर्थाने बोलला. मला कोर्टाने विचारले तेव्हा मी पहिला सांगितला. तो खोटा होता. साहेबांनी हे वाचावे.'

जो शब्द कागदावर चढू नये म्हणून त्यांनी सगळं केलं, तो त्यांनी शेवटी स्वतःच्या हाताने चढवला होता. आणि तेव्हा फार उशीर झालेला नव्हता. उशिराची माफी मागून फेरविचाराचा अर्ज अजून करता आला असता. साहेबांनी वाचलं असतं, तर नाशिकच्या त्या पोराला बोलावून काहीतरी करता आलं असतं.

कागदाच्या कोपऱ्यात निळा शिक्का होता. आलेला अहवाल वाचायचा, काही वेगळं असेल तर साहेबांपुढे ठेवायचा आणि नसेल तर हा शिक्का मारून दप्तरात लावायचा, अशी पद्धत आहे. शिक्क्यात 'वाचले, दाखल' असं लिहिलेलं होतं आणि त्याखाली माझी सही होती.